दारातली गाय आणि पुस्तकातले शरीर

कथा, कविता, एखादे प्रवासवर्णन आणि एक-दोन समीक्षात्मक निबंध अशी ज्या अंकाची दरवर्षीची बैठक, त्यात जठर-आतड्यांची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण थोडा विचार केला तर हा विषय आपल्याला फारसा परका नाही. आपल्यापैकी पुष्कळजण पदवीनंतर बी. एड. करणार, माध्यमिक शाळेत लागणार. आजदेखील आपल्या वर्गातले कितीतरी विद्यार्थी-विद्यार्थिनी हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या भागांत संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आपली फी भागवतात. शिकवणीला बसल्यावर "मी फक्त मराठी आणि इतिहास शिकवीन" असे म्हणून चालत नाही. पालक सगळीच पुस्तके पुढ्यात आणून ठेवतात. गेली दोन वर्षे मीही हा उद्योग करतो आहे, आणि त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. मुलांना पचनसंस्थेचे भाग ओळीने पाठ असतात. तोंड, ग्रासनलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, एकही चुकत नाही. पण "तुझे स्वतःचे जठर कुठे आहे, हात ठेवून दाखव" म्हटले की हात बेंबीवर जातो. यकृत कुठे आहे हे तर जवळजवळ कुणालाच सांगता येत नाही. जठर बेंबीच्या बरेच वर, डाव्या बाजूच्या फासळ्यांखाली असते आणि यकृत उजव्या बाजूच्या, हे सांगितले की मुले आश्चर्याने आपलेच अंग चाचपू लागतात.

पुस्तकातले शरीर आणि अंगावरचे शरीर ही त्यांच्या लेखी दोन निराळी शरीरे आहेत. या दोहोंमध्ये पूल बांधायचा तर आपल्या भागात एक साधन अजून शिल्लक आहे, ते म्हणजे दारातले जनावर. हिंजवडीत काचेच्या इमारती कितीही उभ्या राहिल्या तरी जुन्या घरांच्या मागे गोठा आहे, रस्त्यावर गाय आहे, खाटकाच्या दुकानाबाहेर बोकड बांधलेला आहे आणि कुत्री तर विचारायलाच नकोत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत निम्मी मूळच्या गावकऱ्यांची, तर निम्मी मराठवाडा, विदर्भ आणि उत्तरेकडून बांधकामावर, सुरक्षारक्षक म्हणून किंवा गाडी चालवायला आलेल्या कुटुंबांतली. त्यांच्या बोलीत आणि जेवणात फरक असेल, पण गाय, शेळी आणि कुत्रा सगळ्यांनी जवळून पाहिलेले आहेत. हे तिन्ही प्राणी आणि आपण एकाच वर्गातले आहोत.

त्या वर्गाचे नावच शिकवताना पहिली अडचण उभी करते. 'सस्तन' हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि शिकवणारा घाईघाईने पुढच्या ओळीवर जातो. वास्तविक थांबायचे ते इथेच. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत या प्राण्यांना जे नाव दिले तेही स्तनांवरूनच दिले. मनात आणले असते तर त्याला केसांवरून नाव देता आले असते, कारण अंगावर केस असणे हेही याच वर्गाचे लक्षण. त्याने दूध निवडले. मुलांना मी विचारतो की कोंबडीच्या पिलाला आई दूध पाजते का? मासा पाजतो का? साप? मग गाय, मांजर, वटवाघूळ, उंदीर, देवमासा आणि आपली आई यांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती? हसणे आपोआप थांबते. या वर्गाच्या आणखीही खुणा आहेत. कानात तीन इवलीशी हाडे असतात. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. रक्तातल्या पक्व तांबड्या पेशींत केंद्रक नसते. आणि मुलांना सर्वांत आवडणारी खूण म्हणजे मानेचे मणके. जिराफाच्या मानेत सात मणके, उंदराच्या मानेत सात आणि आपल्याही मानेत सातच. एक-दोन अपवाद सोडले तर सगळ्या वर्गाची हीच मोजणी आहे.

आता भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे असा एक मुद्दा. पाठ्यपुस्तकात यकृत, प्लीहा, वृक्क, फुप्फुस असे संस्कृत शब्द येतात. तेच अवयव मुले घरी कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी या नावांनी ओळखतात, निदान ज्यांच्या घरी मटण शिजते ती तरी. पण वर्गात आल्यावर ही ओळख त्यांना सांगावीशी वाटत नाही, कारण ती 'अभ्यासातली' नाही. मी एकदा फळ्यावर दोन रकाने करून एकात पुस्तकातले शब्द लिहिले आणि दुसऱ्यात मुलांना घरचे शब्द सांगायला लावले. तेव्हा एक मौज झाली. 'काळीज' कुठे लिहायचे यावरून वाद पेटला. "काळजात धस्स झाले" म्हणतो तेव्हा आपला हात छातीवर, हृदयावर जातो, आणि खाटकाकडे मागितलेली कलेजी मात्र यकृत असते. आपल्या भाषेने हृदय आणि यकृत यांची अशी गल्लत करून ठेवली आहे. 'पित्त खवळणे', 'पोटात गोळा येणे', 'रक्त आटवणे' हे वाक्प्रचारही शरीराच्याच कुठल्या ना कुठल्या अनुभवावर उभे आहेत. भीती वाटली की पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळते आणि पोटात खरोखरच काहीतरी होते. वाक्प्रचार सांगून शरीराकडे जाणे हा कला शाखेच्या माणसाला साधणारा रस्ता आहे, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकांना सहसा सुचत नाही.

पचनसंस्था शिकवायची तर गाईपासून सुरुवात करावी. रवंथ करणारी गाय दिसली की मुलांना प्रथम तिचे दात पाहायला सांगावे, अर्थात तिच्या धन्याला विचारून! गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कठीण गादी असते. बैलगाडा शर्यतीच्या नादी लागलेल्या घरांतल्या मुलांना हे आधीच ठाऊक असते. शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. तेव्हापासून आदत, दुसा, चौसा हे शब्द पुन्हा पोरांच्या तोंडी बसले आहेत. आदत म्हणजे दुधाचेच दात असलेला, दुसा म्हणजे दोन कायमचे दात आलेला, चौसा म्हणजे चार आलेला. 'दुधाचे दात आणि कायमचे दात' हा पुस्तकातला कंटाळवाणा परिच्छेद या मुलांना आयता समजलेला असतो, फक्त तो आपल्यालाही लागू आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

पुढे पोट. गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिला, ज्याला गोठ्यात कोटीपोट म्हणतात, तो इतका मोठा की मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. दुसऱ्या कप्प्याचे आतले अस्तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे जाळीदार, तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारख्या घड्या, आणि चौथा कप्पा म्हणजे आपल्या जठरासारखे खरे जठर. गाईच्या डाव्या कुशीवर, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोन वेळा कोटीपोट आकसून हाताला लाट लागते. ही लाट ज्या मुलाने एकदा अनुभवली त्याला 'आतड्यांची हालचाल' हे शब्द पुन्हा समजावून द्यावे लागत नाहीत. गवत पचवते ती गाय नव्हे. कोटीपोटात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव गवतातला काष्ठतंतू फोडतात, आणि गाय त्या जीवांनी तयार केलेल्या पदार्थांवर आणि शेवटी त्या जीवांवरच जगते. आपल्या पोटात असे कोठार नाही. म्हणून पालेभाजीचा चोथा आपल्याला पचत नाही, पण तो मोठ्या आतड्यातल्या सूक्ष्म जीवांच्या उपयोगी पडतो आणि शौचाला साफ होण्यास मदत करतो.

इथे आपल्या भागातली एक वाईट गोष्ट सांगावीच लागते. कचऱ्याच्या ढिगात तोंड घालणाऱ्या गाई प्लॅस्टिकच्या पिशव्या अन्नासकट गिळतात. प्लॅस्टिक कोटीपोटातल्या जीवांना फोडता येत नाही, आणि पुढच्या अरुंद वाटेतून ते जातही नाही. ते तिथेच साठून गोळा होते, गाय भरल्या पोटी उपाशी राहते आणि खंगत जाते. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली तरी पिशव्या उकिरड्यावर अजून दिसतातच. हा धडा सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "मग माणसाने प्लॅस्टिक गिळले तर?" लहानसा गुळगुळीत तुकडा बहुधा शौचावाटे निघून जातो, कारण आपल्याकडे कोटीपोट नाही. तोच अवयव गाईला गवतावर जगवतो आणि तोच तिला मारतो. तुलनेने शिकवण्याचा लाभ तो हाच.

पचनसंस्थेच्या धड्याला मी नेहमी जुलाबाची जोड देतो, कारण पावसाळ्यात टँकरच्या आणि नळाच्या पाण्याने निम्मा वर्ग कधी ना कधी आजारी पडतो. जुलाबात पाणी आणि क्षार निघून जातात. नुसते पाणी प्यायले तर आतडे ते नीट शोषून घेत नाही. पण साखर आणि मीठ बरोबर असले की लहान आतड्याच्या पेशी त्या दोघांना एकत्रच आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणीही येते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होते, ते शेकडा चारच्या खाली आले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे मुलांकडून वर्गातच करून घ्यावे. मीठ जास्त पडले तर अपाय होतो, म्हणून चमचा चहाचा आणि सपाट असावा, एवढे मात्र बजावावे.

श्वसनावर थोडक्यात. श्वासपटल समजावण्यासाठी बाटली कापून, तळाला फुगा ताणून बांधण्याचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. मी त्याला उचकीची जोड देतो. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते श्वासपटलाचे अवचित आकसणे असते. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट पदार्थ मोठी धूळ अडवतात, परंतु केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे बारीक कण थेट वायुकोशांत उतरतात. रस्त्यांचे खोदकाम, काँक्रीटच्या गाड्या आणि वाहनांची रांग यांतून रोज शाळेला जाणाऱ्या मुलांना हे सांगताना उदाहरण शोधत बसावे लागत नाही.

हृदयासाठी खाटकाकडून बोकडाचे एक हृदय आणावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतले प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्याचे ठरवले, आणि ते योग्यच झाले. बेडूक-उंदीर मारून शिकण्याचे दिवस गेले. खाटकाकडचे हृदय आणण्यात वेगळा जीव घेतला जात नाही. ज्यांच्या घरी मांसाहार वर्ज्य आहे त्यांच्यावर बळजबरी नको, त्यांच्यासाठी चित्र पुरे. हृदय उभे चिरले की चार कप्पे दिसतात आणि डाव्या बाजूची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड लागते. का, हे मुलांनाच विचारावे. उजवी बाजू रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलते, तर डावीला ते खुरापर्यंत आणि शिंगापर्यंत पोचवायचे असते. मग गणित घालावे. माणसाचे हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलते आणि मिनिटाला ७२ वेळा ठोके देते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक. आपल्या सोसायट्यांत येणारा पाण्याचा टँकर दहा हजार लिटरांचा धरला तर मुठीएवढा हा पंप रोज जवळजवळ पाऊण टँकर उपसतो! नाडीची मोजणीही करावी. हत्तीचे हृदय मिनिटाला तीसच्या आसपास धडधडते, उंदराचे पाचशेच्या वर. अंगाने लहान प्राण्याची उष्णता लवकर निघून जाते, म्हणून त्याला आपली भट्टी जोरात पेटती ठेवावी लागते. तापाचेही तसेच. गाईचे नेहमीचे तापमान १०१ अंशांच्या पुढे असते, तेव्हा गाईला माणसाच्या मापाने ताप मोजला तर ती जन्मभर आजारीच ठरेल.

रक्ताचा विषय निघाला की मुलींचा प्रश्न टाळता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. ही संख्या वर्गात सांगितली तर दहा मुलींपैकी सहा जणी एकमेकींकडे पाहतात. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते, ती दप्तरातून घरी जाते आणि तिथून कचऱ्यात. कारण विचारले तर उत्तर मिळते, "त्या गोळीने शौच काळे होते." होतेच, न शोषलेले लोह बाहेर पडते, त्यात भिण्यासारखे काही नाही. एवढे एक वाक्य कुणी सांगितलेले नसते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि नव्या पेशींसाठी लोह सतत लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी शोषले जाते, भाजीवर लिंबू पिळले तर जास्त. औषधांच्या पुस्तकाइतकेच हे स्वयंपाकघराचे ज्ञान आहे, आणि आईपर्यंत ते मुलीच पोचवू शकतात.

प्रजननाचा धडा पुष्कळ ठिकाणी 'घरी वाचा' म्हणून सोडून देतात. याचे मला नवल वाटते, कारण गोठ्यात याच विषयावर मोकळेपणाने बोलणे चालते. गाय माजावर आली, भरवली, गाभण राहिली, आता इतके महिने झाले. आजोबा नातवासमोर हे सगळे बोलतात आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. शेळी पाच महिन्यांत विते, म्हैस दहा महिन्यांच्या वर घेते आणि गाय सुमारे २८० दिवस. माणसाच्या गर्भारपणाचा हिशेबही शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांचाच धरतात. गाईचे चक्र २१ दिवसांचे, बाईचे साधारण २८ दिवसांचे. गाईच्या बाबतीत जे ज्ञान मानले जाते ते बाईच्या बाबतीत लाज का ठरावे, याचे उत्तर जीवशास्त्रात नाही; ते समाजशास्त्राच्या वर्गात शोधावे लागेल. वर्गात मुलगे-मुली एकत्र असताना गोठ्यापासून सुरुवात केली की निदान पहिली पाच मिनिटे सुरळीत जातात, आणि पुढचा रस्ता त्या पाच मिनिटांतच तयार होतो.

आपल्याच औद्योगिक पट्ट्यातली एक गोष्ट मात्र मुलांना कुणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या भागात मोटारी आणि स्कूटर बनू लागण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. ते पेनिसिलिन माणसापर्यंत आले ते उंदरांच्या वाटेने. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघे जिवंत होते, बाकीचे चार मेलेले. आता यातली खोच पाहा. उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते तर काय झाले असते? पेनिसिलिन गिनीपिगला मानवत नाही. त्याच्या आतड्यातले उपयुक्त जीव मरतात आणि तोही मरतो. म्हणजे औषध विषारी ठरवून फेकून दिले गेले असते. सस्तन प्राणी एकमेकांसारखे आहेत म्हणून उंदराचा निष्कर्ष आपल्या कामी आला, आणि ते अगदी सारखे नाहीत म्हणून गिनीपिगने फसवले असते. पेनिसिलिन जंतूंना मारते आणि आपल्या पेशींना सोडते, कारण ते जंतूच्या पेशीभोवतीच्या भिंतीची बांधणी रोखते, आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. सर्दीच्या विषाणूलाही ती नसते. तेव्हा साध्या सर्दीला 'कडक गोळी' मागणे व्यर्थ का, याचे उत्तर याच ओळीत आले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. रेबीज हा केवळ सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कोंबडी, साप, पाल यांच्यापासून तो होत नाही. आपल्या भागात रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसांच्या आणि शिकवणीहून घरी जाणाऱ्या मुलांच्या मागे कुत्री लागणे नित्याचेच. माझ्या एका विद्यार्थ्याला पोटरीला कुत्रे चावले आणि त्याने ते आठ दिवस घरी सांगितले नाही. कारण काय, तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही ऐकीव भीती. सुदैवाने आठव्या दिवशी कळले आणि लस सुरू झाली.

ही चौदा इंजेक्शने पूर्वी खरोखरच होती, म्हणून त्यांचा इतिहास सांगितल्याशिवाय भीती जात नाही. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली गेली, ती रोगाने मेलेल्या सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. १९११ मध्ये कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि भारतात तीच पुढे नव्वदहून अधिक वर्षे चालली. पोटात घ्यायची ती हीच. तिच्यात एक खोट होती. मेंढीच्या मज्जातंतूंवरचे आवरण आणि आपले आवरण इतके सारखे, की मेंढीच्या मेंदूविरुद्ध तयार झालेली आपली प्रतिकारशक्ती क्वचित कुणाच्या स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटे आणि त्याला पक्षाघात होई. २००५ च्या सुमारास ही लस आपल्याकडे बंद झाली. आजची लस पेशींच्या संवर्धनावर तयार होते आणि दंडात घेतात. चार किंवा पाच वेळा, ठरलेल्या दिवशी.

प्रतिकारशक्तीने आपल्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा प्रकार पुणे परिसराने २०२५ च्या जानेवारीत पाहिला. गियाँ-बारे या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्याच्या बाजूला एकाएकी वाढले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही काही निघाले. दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या एका जंतूच्या पृष्ठभागाची ठेवण मज्जातंतूंशी मिळतीजुळती असते. शरीर जंतूवर नेम धरते आणि बाण मज्जातंतूला लागतो. त्या महिन्यात वर्गात मज्जासंस्था हा धडा चालू होता, आणि वर्षभरात इतके प्रश्न मला दुसऱ्या कुठल्याही धड्याला आले नाहीत.

रेबीजचा विषाणू रक्तातून धावत नाही. जखमेतून तो मज्जातंतूत शिरतो आणि त्याच्या आतून हळूहळू मज्जारज्जूकडे, तिथून मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने जातात. चावा तोंडावर किंवा मानेवर असेल तर वाट जवळची, म्हणून वेळ कमी. लहान मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाच्या जवळपास असते हे लक्षात घ्यावे. हा प्रवास चालू असतानाच लस काम करू शकते. पाण्याची भीती, घशाचे आचके ही लक्षणे एकदा दिसली की उपाय जवळजवळ उरत नाही. म्हणून चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची; साबणाने विषाणूचे चरबीयुक्त वेष्टन विरघळते. चटणी, चुना, हळद, तेल काहीही लावायचे नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिद्रव्यही टोचावे लागते, कारण लशीने शरीराला स्वतःचे प्रतिद्रव्य बनवायला काही दिवस लागतात. कुत्रे ओळखीचे होते, पिल्लू होते, नुसते ओरखडले, ही कारणे ऐकून थांबू नये. मधला एखादा डोस राहिला तरी लाजून घरी बसू नये, डॉक्टरांना सांगून पुढे चालू ठेवावा.

गेल्या सत्राच्या शेवटी एका मुलाने विचारले, "आमच्या गाईला पिसाळलेले कुत्रे चावले तर तिचे दूध?" अशी गाय मेली की तिचे दूध प्यायलेले गावच्या गाव लस घ्यायला रांगेत उभे राहिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, म्हणून प्रश्न रास्त होता. दूध उकळले की विषाणू मरतो, तेव्हा उकळलेल्या दुधाची भीती नाही. तरीही अशा गाईचे दूध काढूच नये, कारण काढणाऱ्याच्या हाताला तिची लाळ लागण्याचा धोका आहे. गाय चाऱ्याला तोंड लावीनाशी झाली, लाळ गाळू लागली, तर घशात काही अडकले असेल म्हणून तिच्या तोंडात हात घालण्याची आपल्याकडे सवय आहे. तो हात घालायचा नाही, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचे. मुलाने ते वहीत लिहून घेतले आणि त्याखाली दोन वेळा रेघ मारली.